पूर्वेस विणकराचं घर, पश्चिमेस बोळ

आमच्या घरात एक गोष्ट चार पिढ्या चालत आली आहे. खापरपणजोबांचा अकोल्याजवळच्या बाळापुरात रंगाचा मोठा कारखाना होता, चौसोपी वाडा होता आणि सावकारानं तो लुबाडला. आत्याला ही गोष्ट तिच्या आजीनं सांगितली, मला आत्यानं. पुरावा म्हणाल तर एक कपटाही नाही.

गेल्या वर्षी त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावांची साखळी सापडली. शेवटच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘रंगारी, मु. बाळापूर’. तेव्हापासून आत्यानं धोशा लावला. वय 76, दोन्ही गुडघे गेलेले, पण संक्रांत झाली की जायचंच. गेलो. (आडनाव आणि मूळ गाव लिहीत नाही. एका चुलत घराचा जमिनीचा वाद कोर्टात आहे आणि मला सक्त ताकीद आहे.)

जायच्या आधी मी महिनाभर जनगणनेच्या मागे लागले होते. इंग्लंडात राहणाऱ्या मैत्रिणीनं तिच्या सासरचा 1851 सालचा कागद दाखवला होता. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, जन्मगाव, सगळं होतं. मला वाटलं आपल्याकडेही असेल. वऱ्हाडात पहिली खानेसुमारी 1867 साली झाली, मग देशभर एकाच वेळी झाली ती 17 फेब्रुवारी 1881 ला. माणसं घरोघर जाऊन मोजली, पण बेरजा छापून झाल्यावर ते घरोघरचे तक्ते कुणी जपून ठेवले नाहीत. उरले ते आकडे. 1881 साली वऱ्हाडात 26,72,673 माणसं होती. त्यातला शेवटचा तीन आमचा असेल असं म्हणून मी ती फाइल बंद केली.

म्हणजे राहिले मालमत्तेचे कागद.

पहिला दिवस: अकोला

रात्रीच्या गाडीनं पहाटे अकोल्यात उतरलो. उन्हाळ्यात जिथे रस्त्याचं डांबर वितळतं त्या अकोल्यात जानेवारीत इतकं हीव असतं हे मी विसरले होते. स्टेशनबाहेर मामेभाऊ गाडी घेऊन उभा, कानाला मफलर. आत्याची भाषा फलाटावरच बदलली. पुण्यात जी ‘मला’ म्हणते ती इथे ‘मले’वर आली.

तर्री-पोहे खाल्ले. पुण्याहून येणाऱ्यांना सूचना: तर्री वेगळी मागा आणि हातानं घाला. मी शहाणपणा केला नाही, डोळ्यांतून पाणी.

आधी एका चुकीच्या कार्यालयात दीड तास गेला. कोणतं ते सांगत नाही. तिथे एकानं न उठताच सांगितलं, “त्या सालचं सगळं वाळवीनं खाल्लं.” आत्या काही बोलली नाही. तिनं पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला आणि अख्ख्या खोलीला वाटला. शेवटचा लाडू घेतलेल्या शिपायानं मग बाहेर येऊन हळूच सांगितलं, “माय, तुमी चुकीच्या जागी आल्या. गहाणखत पायजे असन तं रजिस्ट्रीच्या जुन्या सूच्या पाहा.”

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर महिना वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिते. सातबारा आणि फेरफार शेतीसाठी ठीक. पण शिंपी, रंगारी, कासार, सोनार अशा धंदेवाल्यांकडे शेत असेलच असं नाही. त्यांचं असतं घर, आणि घर कागदावर येतं ते गहाण पडताना किंवा विकताना. नोंदणी झालेल्या दस्तांच्या दोन सूच्या असतात, एक माणसांच्या नावानं, दुसरी मिळकतीच्या गावानं. आज घर घेताना आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो तीच ती दुसरी. नाव खात्रीचं नसेल तर गावानं शोधा. आमच्या खापरपणजोबांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलंय.

मामेभावानं शोधाचा अर्ज महिनाभर आधीच टाकून ठेवला होता, म्हणून दुपारी हातात दोन नकला आल्या. दोन्ही मोडीत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना इतकी मागणी आहे की आम्हाला संध्याकाळी सातची वेळ मिळाली, तीही ओळखीनं. निवृत्त गुरुजी, स्वेटरवर शाल, हातात भिंग. त्यांनी पहिला कागद वाचायला घेतला आणि आत्यानं माझा दंड धरला तो सोडलाच नाही.

साल 1884. खापरपणजोबा, नावापुढे ‘वल्द’, मग बापाचं नाव. धंदा रंगारी. बाळापुरातलं राहतं घर 60 रुपयांना गहाण. गुरुजी ठसक्यात वाचत होते: “दोन खणांचे मातीचे घर, रंगाची भट्टी एक, नांदी पाच, पैकी एक फुटकी.”

चौसोपी वाडा कुठे गेला?

आत्या म्हणाली, “फुटकी नांद लिवाले काय गरज होती म्हणतो मी.” वऱ्हाडात बायकाही ‘म्हणतो मी’ म्हणतात. पुण्यात ती कधी तसं बोलत नाही.

दुसरा कागद 1891 चा, फारखत. गहाण सुटल्याची. पण ती खापरपणजोबांच्या नावानं नाही. खापरपणजीच्या नावानं आहे आणि तिच्या नावापुढे ‘बेवा’. म्हणजे सात वर्षांच्या आत तो गेला होता. सावकारानं लिहून दिलं होतं की 60 रुपये मुद्दल व्याजासह पावलं, त्यापैकी 22 रुपये ‘रंगाईचे मजुरीत’ वळते करून घेतले.

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. “म्हणजे नवरा गेल्यावर भट्टी बाईनं चालवली.”

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आमची आजी तं म्हणे सासूले काही येत नोयतं.”

जुन्या कागदांतले शब्द: वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा. बायका शोधायच्या असतील तर हे शेवटचे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण सवाष्ण बाई मिळकतीच्या कागदावर क्वचित येते. निजामी वळणाच्या कागदांवर फसली सन असेल तर त्यात 590 मिळवा, इसवी सन मिळतं. शकात 78. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पण कारकुनांची बोटं काही एका दिवसात वळली नाहीत. आणि हे सगळं वऱ्हाडापुरतं. वर्धा-नागपूर-भंडारा-चंद्रपूरकडे मालगुजारी होती, तिथले कागद वेगळे. तिकडे बंदोबस्त मिसळ, म्हणजे जमीनमोजणी आणि साराआकारणीचे जुने कागद, विचारा.

दुसरा दिवस: बाळापूर

अकोल्याहून खामगावच्या रस्त्यानं बाळापूर. दोन्ही बाजूंना तुरी कापून ठेवलेल्या, कपाशी शेवटच्या वेचणीला आलेली. किल्ला लांबूनच दिसतो. औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं सुरू केला, 1757 मध्ये एलिचपूरच्या नवाबानं पुरा केला. खाली मन आणि म्हैस या दोन नद्यांचा संगम, पायथ्याशी बाळादेवी, जिच्यावरून गावाचं नाव. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री नदीकाठी आहे, पाहा, सकाळी पाहा. आम्ही धावत पाहिली, कारण आमच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

गहाणखतात चतुःसीमा लिहिलेली असते. आमच्या घराची अशी: पूर्वेस विणकराचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस मशिदीची भिंत, दक्षिणेस नदीकडे जाणारी वाट. सर्व्हे नंबर नाही, घर नंबर नाही. 140 वर्षांनी या चार ओळींवर घर शोधायला निघणं हा मूर्खपणा आहे हे मामेभाऊ दर दहा मिनिटांनी सांगत होता.

बाळापूर एके काळी पागोट्यांसाठी आणि लुगड्यांसाठी नावाजलेलं. जिथे विणकर तिथे रंगारी. विचारत विचारत एका म्हाताऱ्या बाबांपर्यंत पोचलो. त्यांचे आजोबा रंगरेज होते. बाबा ओसरीवर उन्हाला पाय करून बसले होते. आत्यानं सरळ समोरच्या पायरीवर बैठक मारली आणि दोघं असे बोलू लागले जशी काही कालच भेट झाली होती.

“आलाचा रंग पायला काय तुमी?” बाबांनी विचारलं.

आल म्हणजे बारतोंडी. तिच्या मुळांपासून लाल रंग निघतो. झाड तीन-चार वर्षांचं झालं की मुळं खणून काढायची, आणि बारीक मुळीला जाड मुळीपेक्षा भाव जास्त. कापड आधी तेल आणि खार यांत मुरवायचं, धुवायचं, मुरवायचं, पुन्हा धुवायचं. मग हरडा, तुरटी, आणि शेवटी मुळांच्या चुऱ्याबरोबर उकळायचं. एका ठाणाला कित्येक दिवस. या रंगाचं जाड कापड म्हणजे खारवा. गाडीवरची झूल, तंबू, वह्यांची बांधणी, सगळीकडे तो.

“आजा सांगे, कापड फाटे पण रंग नाई जाये. मंग ते डब्बे आले.”

डबे म्हणजे जर्मन रंग. आलासारखाच लाल देणारं मंजिष्ठेचं रंगद्रव्य, अलिझरिन, 1868 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि थोड्याच वर्षांत कारखान्यातून स्वस्तात बाहेर पडू लागलं. इकडे रेल्वे 1867 मध्येच अकोल्यावरून नागपूरला पोचली होती. कापूस बाहेर जायला जी गाडी, तीच विलायती कापड आणि रंग आत आणायला. आमचं गहाणखत 1884 चं. मी मनात ती सालं एकाखाली एक मांडली. घरातल्या गोष्टीतला सावकार तेवढा राहिला, जर्मनी कुणाच्या लक्षातच नव्हती.

बाबांना चतुःसीमा वाचून दाखवली. ते म्हणाले, मशिदीची भिंत धरा, बाकी आपोआप येईल. त्यांचा नातू बरोबर आला. भिंत सापडली, नवी टाइल लावलेली. तिच्या दक्षिणेला एक बोळ, इतका अरुंद की मामेभावाला (पोट आहे त्याला) आडवं व्हावं लागलं. बोळाच्या पूर्वेला दुमजली सिमेंटचं घर, खाली शिकवणीचा फलक. आणि त्याच्या पूर्वेला? तिथल्या बाईंनी सांगितलं, सासरे सतरंज्या विणायचे, त्यांचे वडील पागोटी.

मामेभाऊ गप्प झाला. दिवसभर गप्प राहिला, हे मी खास नोंदवते.

सिमेंटच्या घरातल्या ताईंनी आत बोलावलं, चहा दिला, आम्ही जागा मागायला आलो नाही याची दोनदा खात्री करून घेतली. रास्तच आहे. म्हणाल्या, “पाया खोदतानी खापरंच खापरं निघाली होती.” आत्याचे डोळे चमकले. आता खापरं कुठेही निघतात, पण मी तिला तसं म्हटलं नाही.

जेवण बाळापुरातच एका खानावळीत. ज्वारीची भाकरी, पातोडी-रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. रस्सा मागून दोनदा घेतला.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिसरा दस्त उघडला. त्याची नकल सकाळी निघतानाच मिळाली होती, आणि हा बाळबोधात होता. 1897. खापरपणजीनं स्वतः घर विकलं, 110 रुपयांना. सावकाराला नाही, शेजारच्या विणकराला. खाली अंगठा, आणि तिच्या नावापुढे ‘हल्ली मुक्काम’ म्हणून पातूरच्या रस्त्यावरच्या एका गावाचं नाव.

1896-97 हे दुष्काळाचं साल. पुढे 1899-1900 चा त्याहून वाईट. इथे मला ती बंद केलेली खानेसुमारीची फाइल पुन्हा उघडावी लागली. वऱ्हाडात 1891 मध्ये 28,97,491 माणसं होती, 1901 मध्ये 27,54,016. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी 1 लाख 43 हजारांनी कमी. आत्या म्हणाली, “अन्‌ आपण उरलो.” मग गोळी घेऊन झोपली.

मी जागी राहिले. भूमी अभिलेखाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, आणि अकोला जिल्हा त्यात सुरुवातीपासून आहे. त्या गावाची कोतवाल बुकं चाळली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवालाच्या खबरीवरून ज्या वहीत उतरायचं ते कोतवाल बुक. विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी अर्धी जनता त्याच्या मागे असते. नावानं शोधता येत नाही, पान न्‌ पान उलटावं लागतं. मोबाइलवर करू नका, डोळे जातात.

रात्री एक वाजता खापरपणजीच्या मृत्यूची नोंद सापडली. 1911. नाव, वय अंदाजे 70, कारण ताप. जातीच्या रकान्यात: शिंपी.

तिसरा दिवस: गाव

सकाळी हे आत्याला दाखवलं तर ती भडकलीच. “शिंपी कायले? रंगारी होती थे!” कोतवालाला काय दिसलं असेल ते मी तिला समजावलं. दोन मुलं दारात शिलाईचं मशीन घेऊन बसलेली. खबर देणाऱ्यानं धंदा सांगितला, लिहिणाऱ्यानं तो जातीच्या रकान्यात टाकला. धंदा आणि जात यांच्यातली रेघ तेव्हाच्या कारकुनाला जितकी पुसट होती तितकीच आज दाखला देणाऱ्याला ठळक हवी असते. एकाच खापरपणजीचे पणतू आज दोन वेगळ्या नावांनी दाखले काढतात, असं आमच्या कुळात सर्रास आहे.

गाव लहान. पारावर विचारलं तर एका काकांनी शेतातच नेलं, कारण तिथे रोडग्यांचा बेत होता. गवऱ्यांचा जगरा पेटवलेला, त्यात कणकेचे गोळे खरपूस भाजत होते. रोडगा फोडायचा, त्यावर तूप, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हुरडाही होता. ओळख ना पाळख, पण जेवल्याशिवाय बोलायचंच नाही असा दंडक. जेवता जेवता कळलं की काकांच्या आजोबांचं लग्नाचं बाराबंदीचं कापड “त्या बाळापूरवाल्या शिंप्याइनं” शिवलं होतं. पोरं नाही, बाई. तिला गावात सगळे बाळापूरवाली म्हणत.

“नाव काय तिचं?” मी मुद्दाम विचारलं.

काका विचारात पडले. “बाळापूरवालीच.”

कागदावर नाव होतं, गावात नव्हतं. आत्यानं मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिचं नाव सांगितलं. दोन म्हाताऱ्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं.

घर राहिलेलं नाही. गावठाणात ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर ती जागा आता दुसऱ्याच कुणाची, आणि तिथे गोठा आहे. पाच मिनिटांत ते आटोपलं. इथे खरं तर प्रवास संपायला हवा होता.

परतताना काकांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठाला, एक वाकडं झाड होतं. मी पुढे गेले होते. आत्या हाक मारेना म्हणून मागे वळले तर ती गुडघ्यांची तक्रार विसरून नाल्याच्या दरडीत उकिडवी बसलेली.

“बारतोंडी हाये,” काका म्हणाले. “कायच्या कामाची नाई.”

पावसाळ्यात दरड खचल्यानं मुळं उघडी पडली होती. आत्यानं एक बोटाएवढं मूळ काकांच्या विळ्यानं तोडून घेतलं, साल खरवडली. आत पिवळं, हळदीसारखं. ती निराश झाली. “लाल कुठं हाये यात?”

मग तिनं कमरेची चंची काढली. आत्या पान खाते, पुण्यात लपून, इथे उघड. डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्या पिवळ्यावर घासला. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग कडेनं तांबूस झालं, मग लाल, विटकरीहून गडद. काकांनी “अरे बाप्पा!” म्हणून विळा खाली ठेवला. इतकी वर्षं धुऱ्यावर उभं असलेलं झाड त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आत्यानं सगळी बोटं माखून घेतली. मी फोटो काढायला फोन काढला तर म्हणाली, थांब, अजून चढू दे.

चौथा दिवस: शेगाव, परत

गाडी शेगावहून होती. गजानन महाराजांचं दर्शन तासाभरात झालं, संक्रांतीची गर्दी ओसरली होती. शेवटच्या दोन व्यावहारिक गोष्टी इथेच टाकते. एक, 1998 मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या गावाचे जुने कागद शोधायचे तर आधी अकोल्यातही चौकशी करा. दोन, जाताना टॉर्च, मास्क आणि कोर्ट फी तिकिटं बरोबर ठेवा, आणि जमलं तर तिळगूळ.

स्टेशनबाहेर गरम कचोरी घेतली, सोबत तळलेली मिरची. आत्यानं हात धुतले होते, साबणानं, दोनदा, सकाळी आंघोळीच्या वेळी तिसऱ्यांदा. कचोरीवाल्यानं कागदात बांधून दिली तेव्हा त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं.

“मावशी, लागलं काय हाताले?”

“नाई,” आत्या म्हणाली, “घरचाच रंग हाये.” आणि कचोरी फोडायला लागली.